फोनने 'ट्रस्ट?' विचारलं की तुम्ही काय दाबता? अनोळखी कॉम्प्युटर, चार्जर आणि आपला फोन

तारतम्य

'सार्वजनिक चार्जिंग सॉकेटला फोन लावू नका' हा निरोप दर सुट्टीच्या तोंडावर फिरत असतो. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने ट्विटरवर हेच लिहिलं आणि जगभर बातम्या झाल्या. निरोप खोटा नाही, पण तो वाचून सगळ्यांचं लक्ष भिंतीतल्या सॉकेटवरच खिळतं. माझ्या मते जास्त जपायला हवं ते दुसरीकडे: ऑफिसातला सामायिक पीसी, मित्राचा लॅपटॉप, प्रिंट काढून देणाऱ्याचं मशीन. 'दोन फोटो तर घ्यायचेत' म्हणून आपण फोन जोडतो, स्क्रीनवर प्रश्न येतो, घाईत 'ट्रस्ट' किंवा 'अलाऊ' दाबतो आणि काम झालं की तार काढून घेतो. तार निघाली तरी दिलेली परवानगी त्या मशीनपाशी राहते. हा धागा मुख्यतः त्या परवानगीबद्दल आहे.

आधी तारेचं सांगतो. साध्या यूएसबी २.० तारेत चार वायरी असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. वीज आणि माहिती एकाच तोंडातून ये-जा करतात, आणि भिंतीमागे नुसता अडॅप्टर आहे की छोटा कॉम्प्युटर, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. २०११ साली डेफकॉन या हॅकर परिषदेत काही मंडळींनी मुद्दाम एक फुकट चार्जिंगचा खोका मांडून ठेवला होता. फोन लावला की खोक्याच्या पडद्यावर धोक्याची सूचना झळकायची. सुरक्षेचं काम करणाऱ्यांच्याच त्या मेळाव्यात साडेतीन दिवसांत किमान ३६० जणांनी आपले फोन तिथे लावले. 'ज्यूस जॅकिंग', म्हणजे चार्जिंगच्या तारेतून डेटा चोरणं, हा शब्द त्याच सुमारास रूढ झाला.

दोन वर्षांनी, २०१३ च्या ब्लॅक हॅट परिषदेत, जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी 'मॅक्टन्स' नावाचा चार्जर दाखवला. आत बीगलबोर्ड हा छोटा कॉम्प्युटर होता. तेव्हा आयफोन कुठल्याही कॉम्प्युटरला काही न विचारता जोडून घ्यायचा. त्याचा फायदा घेऊन या चार्जरने मिनिटभरात फोनमधलं फेसबुकचं ॲप काढून त्या जागी तसंच दिसणारं दुसरं बसवलं. जेलब्रेक (फोनची अंगभूत बंधनं तोडणं) नाही, मालकाला पत्ता नाही. त्यानंतर आयओएस ७ मध्ये 'ट्रस्ट धिस कॉम्प्युटर?' हा प्रश्न आला. म्हणजे आपण ज्या प्रश्नावर अर्धा सेकंदही घालवत नाही, तो मुळात या हल्ल्याला उत्तर म्हणून आलेला आहे.

'ट्रस्ट' दाबल्यावर फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना किल्ल्या देतात. त्याची नोंद कॉम्प्युटरच्या डिस्कवर एका फाइलमध्ये राहते, तिला पेअरिंग रेकॉर्ड म्हणतात. ती ज्याच्याकडे आहे तो पुढच्या वेळी न विचारता फोनशी बोलू शकतो: फोटो, ॲपची यादी, फोनच्या अंतर्गत नोंदी, आणि काही आवृत्त्यांमध्ये अख्खा बॅकअप. जोनाथन झ्झियार्स्की या संशोधकाने २०१४ मध्ये यावर तपशीलवार लिहिलं होतं. मुद्दा असा की ही फाइल कोणी दुसऱ्याने उचलून नेली तर फोनच्या लेखी तोही 'विश्वासू'च ठरतो.

पुढे २०१८ मध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी 'ट्रस्टजॅकिंग' दाखवलं. एकदा 'ट्रस्ट' मिळाला की कॉम्प्युटरच्या बाजूने ॲपलच्या आयट्यून्स प्रोग्रामचं वाय-फाय सिंक चालू करायचं. मग तारेची गरजच नाही. फोन त्याच नेटवर्कवर असेपर्यंत बॅकअप घेता येतो, डेव्हलपरची साधनं चढवून स्क्रीन पाहता येते. आयओएस ११ पासून 'ट्रस्ट' नंतर पासकोडही टाकावा लागतो, ही चांगली सुधारणा झाली. पण पासकोड टाकणारे आपणच, आणि आपण टाकतो.

कॉम्प्युटरचा मालक सज्जन असेल म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २०१४ मधला 'वायरलर्कर' आठवून बघा. चीनमधल्या एका बाहेरच्या ॲप स्टोअरवरच्या ४६७ मॅक ॲपमध्ये तो घुसवलेला होता. मॅकला आयफोन जोडला की तो तारेतून फोनवर उतरायचा. त्याच वर्षी विंडोजवर 'ड्रॉइडपॅक' आला, तो जोडलेल्या अँड्रॉइड फोनवर बँकेची खोटी ॲप बसवायला लावणारं ॲप चढवायचा, यूएसबी डीबगिंग (तारेतून कॉम्प्युटरच्या आज्ञा ऐकण्याची सोय) चालू असेल तर. दोन्ही वेळा मालकाला आपलं मशीन बिघडल्याचं माहीतच नव्हतं.

अँड्रॉइडची गोष्ट थोडी वेगळी आहे. मार्शमेलो आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोन जोडला की आपण होऊन फक्त चार्ज होतो, फाइल द्यायच्या तर आपल्याला सांगावं लागतं. धोक्याची जागा म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्समधलं यूएसबी डीबगिंग. ते चालू करून 'ऑल्वेज अलाऊ फ्रॉम धिस कॉम्प्युटर' वर टिक केली की तो कॉम्प्युटर ॲप बसवू शकतो, स्क्रीन टिपू शकतो, बोट न लावता बटणं दाबू शकतो. फोन 'मोकळा' करायला, जुनं ॲप काढायला, डेटा हलवायला म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून हे चालू केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं तसंच राहतं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे, काय शंका आहेत, लिहा. एकमेकांचं वाचून बऱ्याच जणांचे फोन नीट होतील.

सांजपाखरू

चांगला विषय काढलात. मला एक सांगा, आजपर्यंत मी कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरला 'ट्रस्ट' दिलाय याची यादी आयफोनवर कुठे दिसते? सेटिंग्ज पालथी घातली, सापडली नाही.

तारतम्य

सापडणार नाही, कारण अशी यादी दाखवतच नाहीत. माझ्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे. ब्लूटूथची उपकरणं दिसतात, वाय-फायची नेटवर्क दिसतात, मग सगळ्यात खोल शिरकाव असलेले कॉम्प्युटर का नाहीत? एकेक काढता येत नाही, सगळे एकदम पुसता येतात. सेटिंग्ज, जनरल, 'ट्रान्सफर ऑर रीसेट आयफोन', रीसेट, आणि त्यात 'रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी'. शेजारीच 'इरेज ऑल कंटेंट' आहे, त्याला हात लावू नका.

अँड्रॉइडवाल्यांनी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'रिव्होक यूएसबी डीबगिंग ऑथोरायझेशन्स' दाबायचं, आणि मग डीबगिंग बंद करून डेव्हलपर ऑप्शन्सही बंद करायचे. अँड्रॉइड ११ पासून, सात दिवस त्या कॉम्प्युटरला फोन जोडला नाही तर परवानगी आपोआप संपते. पण ही मुदत बंद करायचं बटणही तिथेच आहे, ते कुणी दाबून ठेवलेलं नाही ना, तेवढं बघा.

खटपट्या

कॉम्प्युटरबद्दलचं सगळं मान्य. चार्जरबद्दलची भीती मात्र फुगवलेली आहे असं माझं स्पष्ट मत आहे. २०१९ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने असाच इशारा काढला होता. पत्रकारांनी विचारलं, खटले किती? त्यांच्याकडे एकही नव्हता. एफबीआयच्या त्या ट्विटमागेही एखादी ताजी घटना नव्हती. परिषदेतल्या मंचावर एखादी गोष्ट करून दाखवणं वेगळं आणि बाहेर चोरांनी ती रोज वापरणं वेगळं.

विचार करा, चोराने खोका बनवायचा, सार्वजनिक जागी बसवायचा, पकडलं जाण्याची जोखीम घ्यायची, आणि नशिबाने एखाद्याने अनलॉक केलेला फोन लावला तर त्याचा डेटा मिळणार. शिवाय आजचा फोन डेटा द्यायच्या आधी मालकाला विचारतोच. तेवढ्या कष्टात चोर लाख लोकांना फसवी लिंक पाठवेल. बॅटरी संपत आलेल्या माणसाला घाबरवून फोन बंद पडू देणं हाही धोकाच आहे. रात्री एकटं असताना फोन चालू असणं महत्त्वाचं की काल्पनिक खोका?

तारतम्य

शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. अडलेल्या वेळी फोन जिवंत ठेवणं आधी.

पारवा

खटपट्या, 'प्रश्न विचारला जातो म्हणजे चार्जर सुरक्षित' हे २०२५ पर्यंत मीही धरून चाललो असतो. पण त्या वर्षी ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्र विद्यापीठाच्या संशोधकांनी 'चॉइसजॅकिंग' मांडलं, त्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण यातली युक्ती समजली की पुष्कळ गोष्टी उलगडतात.

यूएसबीत दोन भूमिका असतात, एक यजमान आणि दुसरं त्याला जोडलेलं उपकरण. कॉम्प्युटरला फोन जोडला तर कॉम्प्युटर यजमान. फोनला कीबोर्ड जोडला तर फोन यजमान. फोन बनवणाऱ्यांनी दोन गृहीतकं धरली होती. यजमान डेटा मागायला लागला तर मालकाला विचारायचं. आणि कीबोर्ड जोडला तर विचारायची गरज नाही, कीबोर्ड फोनमधला डेटा कसा नेणार? दोन्ही वेगवेगळी बघितली तर बरोबर वाटतात.

आता खोटा चार्जर काय करतो बघा. आधी तो कीबोर्ड म्हणून ओळख देतो. फोन यजमान होतो आणि कीबोर्डचं ऐकतो. कीबोर्डवरून कळा दाबून तो फोनचं ब्लूटूथ चालू करतो आणि चार्जरमध्येच लपवलेल्या दुसऱ्या, ब्लूटूथ कीबोर्डशी जोडणी करून टाकतो. मग यूएसबी पॉवर डिलिव्हरीमधली भूमिका बदलायची सोय वापरतो. ही सोय नियमात बसणारी आहे, तार न काढता यजमान आणि उपकरण जागा बदलतात. आता चार्जर यजमान. तो फायली मागतो, फोन स्क्रीनवर प्रश्न विचारतो, आणि 'अलाऊ' कोण दाबतं? तो ब्लूटूथ कीबोर्ड. विचारणारा आणि होकार देणारा एकच.

अँड्रॉइडवर याशिवाय आणखी दोन मार्ग त्यांना सापडले. आठ कंपन्यांचे फोन तपासले, त्यात बाजारातल्या सर्वांत मोठ्या सहाही आल्या. दोन कंपन्यांच्या फोनमधून तर लॉक असतानाही फायली काढता आल्या. बाकी ठिकाणी फोन अनलॉक असावा लागतो, पण चार्जिंगला लावून आपण फोन वापरतोच.

ॲपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गुगलने अँड्रॉइड १५ मध्ये फोटो-फायली देताना नुसत्या होकाराऐवजी पासकोड किंवा बोटाचा ठसा मागायला सुरुवात केली. कीबोर्डला ठसा देता येत नाही, म्हणून हा इलाज लागू पडतो. पण अँड्रॉइडच्या कंपन्या आपापला बदल आपापल्या वेळी करतात, आणि जुन्या फोनला तो येतच नाही. तेव्हा 'फोन विचारेल ना' हे उत्तर प्रत्येकाच्या फोनला लागू होत नाही.

खटपट्या

ही युक्ती मला एवढ्या तपशिलात माहीत नव्हती. जुना, अपडेट बंद झालेला फोन असेल तर माझं वरचं म्हणणं सैल करतो. अद्ययावत फोनला मात्र अजूनही तेच म्हणेन: चार्जरपेक्षा लिंक, खोटी ॲप आणि कॉम्प्युटर यांची काळजी करा.

निवडुंग

हार्डवेअरच्या अंगाने थोडं.

डेटा ब्लॉकर म्हणून छोटी टोपी मिळते, ती तार आणि सॉकेटच्या मध्ये लावायची. आत डेटाच्या दोन वायरी सॉकेटपासून तोडलेल्या असतात. जी वस्तू तिथे जोडलेलीच नाही तिच्यातून काही जाणार नाही, त्यामुळे हा उपाय सॉफ्टवेअरच्या कुठल्याही प्रश्नोत्तरापेक्षा भक्कम. चांगल्या ब्लॉकरमध्ये फोनच्या बाजूच्या दोन डेटा वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात. समोर नुसता चार्जर असल्याची ती ठरलेली खूण आहे, त्यामुळे फोन दीड अँपियरपर्यंत ओढतो. ती खूण नसेल तर फोन जपून वीज घेतो आणि चार्जिंग रांगतं. जलद चार्जिंग बहुतेक वेळा जातं, कारण कित्येक जलद पद्धतींची बोलणी याच वायरींवर होतात.

यूएसबी-सी ते यूएसबी-सी ब्लॉकर घेताना जास्त पारखून घ्या. तिथे विजेची बोलणी वेगळ्या पिनवर होते, म्हणून जलद चार्जिंग टिकवूनही डेटा तोडता येतो, पण सगळे तसं करतातच असं नाही. सोपी परीक्षा आहे: ब्लॉकर लावून फोन आपल्या स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडा. कॉम्प्युटरला फोन दिसला तर ती टोपी फेकून द्या.

त्याहून साधं म्हणजे स्वतःचा अडॅप्टर आणि स्वतःची तार घेऊन भिंतीतल्या विजेच्या प्लगला लावणं. त्या प्लगमधून डेटा येतच नाही. पॉवर बँकही तशीच, फक्त स्वतःची हवी.

'स्वतःची तार' यावर जोर देतो. माइक ग्रोव्हर या संशोधकाने बनवलेली ओ.एमजी केबल २०१९ च्या डेफकॉनमध्ये आली. दिसायला साधी चार्जिंगची तार, प्लगच्या आत चिप आणि वाय-फाय. कॉम्प्युटरला लावली की ती कीबोर्ड बनून टाइप करू लागते आणि दुसरा कुणी दुरून तिला आज्ञा देतो. हातात घेऊन फरक कळत नाही. म्हणून पडलेली, विसरलेली, उदारपणे दिलेली तार वापरू नये.

डेटाखेरीजही एक धोका आहे. टेन्सेंटच्या श्वानवू प्रयोगशाळेने २०२० मध्ये 'बॅडपॉवर' दाखवलं: जलद चार्जरचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) बदललं की तो फोन झेपवू शकेल त्यापेक्षा जास्त व्होल्टेज सोडतो. तपासलेल्या ३५ चार्जरपैकी १८ मध्ये हे शक्य होतं. माहिती चोरीला जात नाही, फोन जळतो.

दूरचा_दिवा

सगळं वाचलं. माझी अडचण वेगळी आहे. आईला यातलं काय सांगू? ती स्क्रीनवर जे काही येईल त्याला 'ओके' म्हणते, कारण 'ओके' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही असं तिला वाटतं. यजमान, भूमिका, पेअरिंग वगैरे सांगून उपयोग नाही.

पारवा

आईंना एकच सांगा: चार्जिंगला लावल्यावर फोनने काहीही विचारलं तर 'नको' म्हणायचं, आणि तरीही पुन्हा विचारलं तर तार काढायची. चार्ज होण्यासाठी फोनला कुठल्याही होकाराची गरज नसते. चार्जिंगच्या सॉकेटवर 'ट्रस्ट' विचारला जातोय याचाच अर्थ पलीकडे नुसता चार्जर नाही. 'नको' म्हटल्याने चार्जिंग थांबत नाही हे एकदा घरी करून दाखवा, शब्दांपेक्षा त्याने भरवसा बसेल.

आणि तुम्ही स्वतः त्यांच्या फोनवर दोन कामं करून टाका. डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर बंद करा. सॅमसंगचा फोन असेल तर 'ऑटो ब्लॉकर' चालू करा, तो तारेतून येणाऱ्या आज्ञा अडवतो आणि बाहेरून ॲप बसवू देत नाही.

दूरचा_दिवा

'चार्ज व्हायला होकार लागत नाही' हे तिला नक्की पटेल. आजच करून दाखवते.

मोडी_लेखणी

मी वार्तांकन करणाऱ्यांना फोन कसा सांभाळायचा ते शिकवते, म्हणून वेगळ्या टोकाचं लिहिते. इथवर सगळी चर्चा आपण फोन जोडतो याची झाली. फोन आपल्या हातातून घेतला जातो आणि मग कुणीतरी जोडतो, हाही प्रसंग असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने सर्बियाबद्दल अहवाल काढला. पत्रकार आणि कार्यकर्त्यांचे फोन पोलिसांकडे असताना सेलब्राइट या कंपनीच्या, लॉक फोन उघडणाऱ्या साधनाने उघडले गेले आणि काहींवर 'नोव्हीस्पाय' नावाचं हेरगिरीचं ॲप बसवलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी एका विद्यार्थी कार्यकर्त्याच्या फोनचा तपशील दिला. लॉक असलेल्या अँड्रॉइडला तारेतून अशी उपकरणं जोडल्याचं भासवलं होतं: वेबकॅम, जुनं साउंड कार्ड, टचपॅड. त्यांना चालवणारं सॉफ्टवेअर अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्सच्या गाभ्यात पडून असतं, त्यातल्या चुकांमधून फोनचा पूर्ण ताबा मिळवला. मालकाने काहीच दाबलेलं नव्हतं. हे महाग साधन आहे, साधा चोर वापरणार नाही. पण ज्यांच्या फोनमध्ये दुसऱ्यांची नावं असतात त्यांनी हे गृहीत धरून चालावं.

इथे उपयोगी पडणाऱ्या गोष्टी. आयफोनवर २०१८ च्या आयओएस ११.४.१ पासून, लॉक होऊन तास उलटला की तारेतून डेटा बंद होतो. सेटिंग्जमध्ये तारेने जोडायच्या 'ॲक्सेसरीज'ची परवानगी असते, ती लॉक असताना बंदच ठेवा. या सोयीलाही चकवा सापडला होता, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये आयओएस १८.३.१ ने बुजवला, म्हणून अपडेट लांबणीवर टाकू नये. ज्यांना खरंच पाळत ठेवली जाण्याची शक्यता आहे त्यांनी 'लॉकडाउन मोड' चालू करावा. त्यात लॉक असताना तारेतून काहीच जोडलं जात नाही. अँड्रॉइडमध्ये ग्रॅफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी वेगळी आवृत्ती आहे, तो यूएसबी पोर्टला लॉक असताना फक्त चार्जिंगपुरता ठेवतो.

आणि सगळ्यांत स्वस्त उपाय: फोन हातातून जाणार असं वाटलं की तो पूर्ण बंद करा. चालू करून एकदाही पासकोड न टाकलेल्या फोनमध्ये डेटाच्या किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात, म्हणून तो उघडणं कितीतरी अवघड. आता आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही, सलग तीन दिवस लॉक राहिले तर आपोआप रीस्टार्ट होतात, त्यामागे हेच कारण.

सांजपाखरू

अंगावर काटा आला. परत साध्या जगात येते. भाड्याच्या गाडीचं काय? गाणी लावायला ब्लूटूथ जोडतो, कधी तार लावतो. गाडी म्हणजे कॉम्प्युटरच ना?

निवडुंग

अगदी. आणि लोक हिच्याकडे कॉम्प्युटर म्हणून बघत नाहीत, त्यामुळे जास्त सांडतात. ब्लूटूथ जोडताना गाडी 'कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज घेऊ का' विचारते. हो म्हटलं की अख्खी फोनबुक गाडीच्या मेमरीत उतरते, शिवाय कॉलची यादी, काही वेळा मेसेजही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने भाड्याच्या गाड्यांबाबत २०१६ मध्येच सावध केलं होतं. पुढच्या गिऱ्हाइकाने स्क्रीनवर चाळलं तर मागच्या चार जणांच्या फोनची नावं दिसतात, ती तर कुणीही बघू शकतं.

नुसती गाणी हवी असतील तर कॉन्टॅक्ट्सना नकार द्या, गाणी तरीही वाजतात. चार्जिंगला गाडीच्या यूएसबीऐवजी लायटरच्या सॉकेटमधला आपला अडॅप्टर. आणि गाडी परत देताना तिच्या स्क्रीनवरून आपला फोन काढून टाका. फोनवर 'फर्गेट' केल्याने गाडीतली प्रत पुसली जात नाही. स्वतःची गाडी विकतानाही फॅक्टरी रीसेट करा.

गवतफुला

दुरुस्तीला फोन देताना काय करायचं? ते पासकोड मागतात आणि त्यांच्या कॉम्प्युटरला जोडतात.

खटपट्या

बॅटरी किंवा काच बदलायला पासकोड द्यायची गरज नसते, तपासणी आपल्यासमोर करून घेता येते. सॅमसंगमध्ये 'मेंटेनन्स मोड' आणि पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला रिकामा फोन दिसतो, आपला डेटा बाजूला बंद राहतो आणि परत आल्यावर आपल्या पासकोडने उघडतो. आयफोनला असा पूर्ण वेगळा मोड नाही, तिथे बॅकअप घेऊन फोन पुसून देणं हाच निर्धोक मार्ग. 'पासकोड लिहून द्या' म्हणणाऱ्याला कारण विचारा. कारण नीट सांगता आलं नाही तर दुसरीकडे जा.

अवकाळी

उलट दिशाही कुणीतरी मांडायला हवी. मी एका संस्थेची यंत्रणा सांभाळतो. कर्मचारी फोन चार्जिंगला ऑफिसच्या लॅपटॉपला लावतात, आणि 'यात कसला धोका, फोन तर माझाच आहे' म्हणतात. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं. यूएसबी उपकरणाच्या चिपमधलं फर्मवेअर बदलून पेनड्राइव्हला कीबोर्ड बनवता येतं, आणि त्यांनी अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला नेटवर्क कार्ड म्हणून भासवूनही दाखवला. म्हणजे बाधा झालेला फोन लॅपटॉपला घोळात घेऊ शकतो. लॅपटॉप जे काही जोडलं जाईल त्यावर सहज विश्वास ठेवतो, फोनइतके प्रश्नही विचारत नाही. आम्ही प्रत्येक टेबलापाशी साधे अडॅप्टर ठेवले आणि लॅपटॉपला फोन लावणं बंद झालं. नुसती बंदी घालून लोक ऐकत नव्हते, सोय केल्यावर ऐकलं.

सांजपाखरू

'रीसेट लोकेशन अँड प्रायव्हसी' केलं. आता प्रत्येक ॲप लोकेशन, कॅमेरा, माइक पुन्हा विचारतंय. हे अपेक्षित आहे ना?

तारतम्य

हो, ते होणारच, सगळ्या परवानग्या एकत्र पुसल्या जातात. एकेक विचारेल तसं नीट वाचून द्या. कित्येक ॲपना लोकेशन देण्याचं कारणच नव्हतं असं लक्षात येईल.

एक काम मात्र राहिलं, ते सगळ्यांसाठी लिहितो. फोनने विश्वास काढून घेतला तरी त्या कॉम्प्युटरवर आधी घेतलेला बॅकअप तसाच पडून असतो. तो एन्क्रिप्ट केलेला (पासवर्डने कुलूपबंद) नसेल तर त्यातले मेसेज, फोटो बघायला फोनही लागत नाही आणि परवानगीही. आयट्यून्स नुसतं चालू असलं आणि आपोआप बॅकअपची खूण केलेली असली तर आपल्याला न कळत तो घेतला गेलेला असू शकतो. मॅकवर फाइंडरमध्ये फोन जोडून 'मॅनेज बॅकअप्स', विंडोजवर आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डिव्हाइसेस', तिथे आपल्या फोनच्या नावाच्या नोंदी दिसतील, त्या काढा. पेअरिंगच्या फायली विंडोजवर 'प्रोग्रामडेटा' मधल्या ॲपलच्या फोल्डरात 'लॉकडाउन' नावाखाली असतात. जुना कॉम्प्युटर कुणाला देणार असाल तर डिस्क पुसल्याशिवाय देऊ नका.

यापुढे स्वतःच्या कॉम्प्युटरवर बॅकअप घेताना 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप' वर टिक करा आणि लक्षात राहील असा पासवर्ड ठेवा. ही खूण फोनमध्ये नोंदली जाते. नंतर दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरने बॅकअप मागितला, तरी फोन तो त्याच पासवर्डने कुलूप लावूनच बाहेर देतो.